स्वयंपाकघराची अर्धी भिंत

मी भिंत. तीनमजली इमारतीतल्या मधल्या मजल्यावर, बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये माझा मुक्काम. मला कान आहेत हे तुम्ही लोकांनीच गावभर करून ठेवलंय, तेव्हा आता ऐकलेलं सांगायला लागले म्हणून नाक मुरडू नका. आणि एक आधीच सांगते, मी रडगाणं गायला बसलेली नाही. बसणं माझ्या स्वभावातच नाही. माझा वरचा अर्धा भाग पाडलाय, हे खरं. पण खालची अर्धी मी उभी आहे आणि ती का, हे सांगितल्याशिवाय मी गप्प राहणार नाही.

माझा जन्म तसा उशिराचा. इमारतीचे खांब झाले, स्लॅब पडले, बाहेरच्या भिंती उठल्या आणि मग शेंडेफळासारखी आम्हा मधल्या भिंतींची पाळी आली. मला रचणारा गवंडी अबोल होता. विटेवर वीट लावायचा, वरून ओळंबा सोडायचा, एक डोळा बारीक करून बघायचा आणि पुन्हा थापी हातात घ्यायचा. मी पुरी झाले तेव्हा दोन पावलं मागे सरून तो म्हणाला, "सरळ आहे." माझ्याबद्दल कुणी बोललेलं हे पहिलं वाक्य, आणि मी ते फारच मनावर घेतलं. झुकणं, फुगणं, ओल धरणं असले लाड मी स्वतःचे कधी केले नाहीत.

मग घरात एक जोडपं राहायला आलं. नवऱ्याला भिंत म्हणजे खिळे ठोकायची जागा वाटायची. रविवार उजाडला की हातोडी घेऊन हजर. खिळा वाकायचा, बोट ठेचायचं आणि खापर माझ्यावर फुटायचं, की ही भिंतच भलती टणक आहे. होतेच मी टणक! त्याला रंगांचीही हौस. मी आधी फिकट निळी होते, मग सायीच्या रंगाची झाले, आणि मधली काही वर्षं त्याच्या हट्टापायी अशी काही केशरी झाले की पाहुणे आत येताना डोळ्यांवर हात धरायचे. बायको म्हणायची, राहू दे, निदान भिंत कुठे आहे ते तरी कळतं.

ही बायको म्हणजे माझी बाई. तिची सगळी कथा मी सांगणार आहे. ती शिवणकाम करायची. शिलाई मशीन माझ्या अंगाला टेकवून ठेवलेलं असायचं, आणि ते सुरू झालं की माझ्या विटाविटांतून गुदगुल्या व्हायच्या. आजूबाजूच्या बायका कपडे शिवायला यायच्या. बाईची एक रीत होती, आधी कच्चे टाके घालायचे, मग कापड गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचं, तिला चालायला लावायचं, हात वर करायला लावायचं, खाली बसायला सांगायचं. कुठे ओढतंय, कुठे सैल आहे, तिथे टाचण्या लावायच्या, खडूनं खूण करायची, आणि मगच पक्की शिलाई. घाईत असलेली एखादी बाई म्हणायची, अहो, माप तर घेतलंय ना, मग शिवून टाका की. त्यावर आमची बाई तोंडातली टाचणी काढून सांगायची, "माप उभ्या माणसाचं असतं. कपडा घालून माणूस उभा थोडाच राहतो?"

त्यांना दोन मुलं. थोरला मुलगा, त्याला घरात सगळे दादा म्हणतात, आणि धाकटी लेक. दादाला शिवणकामाचा आवाज नकोसा व्हायचा. लेक मात्र मशीनखालीच मुक्कामाला. आईचा खडू पळवून ती फरशीवर घरं आखायची. ही खोली, ही खिडकी, हे दार. शेजारणीला म्हणायची, तुझं घर मी बांधून देणार आहे, कसं पाहिजे ते सांगून ठेव. शेजारीण हसायची आणि सांगायची, मोठं दे बाई, बाकी तुझी मर्जी.

मुलं मोठी झाली आणि पांगली. दादानं त्याच गावात दुसऱ्या टोकाला संसार थाटला. लेक शिकायला गेली ती घरांची सजावट करणारी म्हणून नाव काढूनच राहिली. आज या देशात, उद्या त्या देशात. कुणाचं कड्यावरचं काचेचं घर, कुणी जुन्या गोदामात थाटलेला संसार, कुठे बर्फाच्या मुलखात जमीन आतून ऊबदार ठेवणारी लाकडी खोली. तिच्या घरांचे फोटो चकचकीत मासिकांत यायचे. बाई ते मासिक मांडीवर घेऊन बसायची आणि येईल त्याला दाखवायची. मी मात्र एक बघत होते. त्या सगळ्या घरांना माझ्यासारख्या मधल्या भिंतींचं वावडं होतं. स्वयंपाकघर, जेवायची जागा, बैठक, सगळं एकात एक. बघणाऱ्याची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत कशी बिनअडथळा गेली पाहिजे म्हणे.

बाईचा नवरा एका सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता गेला. घरात बाई एकटी राहिली. आणि त्यानंतरच केव्हातरी तिची नजर जायला लागली.

काचबिंदू. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ती एकटीच जायची. एका दुपारी ती तिकडून परत आली, दार लावलं आणि पाठ माझ्यावर टेकवून उभी राहिली. गेलेली नजर परत येणार नाही, आणि आहे तीही फार दिवस राहणार नाही, असं तिला सांगितलं होतं. मला कसं कळलं? तीच बोलली. त्या रिकाम्या घरात ती मोठ्यानं म्हणाली, "कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की उचलून नेतील." मग तोंड धुतलं आणि कामाला लागली.

काय एकेक युक्त्या काढल्या तिनं! मिठाच्या बरणीला रबर गुंडाळलं, साखरेच्या बरणीला शर्टाचं बटण बांधलं. कपाटाच्या प्रत्येक कप्प्याला वेगळ्या जातीची बटणं शिवलेल्या पट्ट्या लावल्या. गॅसची कळ किती फिरवली की किती आच, हे ती आवाजावरून ओळखायची. भगभगीत उजेडात उरलीसुरली नजरही विरघळायची, म्हणून पडदे ओढलेले ठेवायची. लेक फोनवर चेहरा दाखवायची तेव्हा बाई दर वेळी म्हणायची, बारीक झालीस गं. हे वाक्य सांगायला आईला डोळे लागत नाहीत, त्यामुळे ते कधीच अंगाशी आलं नाही. दादा सुट्टीच्या दिवशी यायचा, त्याला वाटायचं आई हळू चालते ती वयानं.

आणि चालायची ती माझ्या आधारानं. आमच्या घराचं असं आहे की बाहेरच्या दारातून आत पाऊल टाकलं की उजव्या हाताला लगेच मी लागते. मला धरून चालत राहिलं की स्वयंपाकघराचं दार येतं, ते ओलांडून मला पुन्हा धरलं की झोपायची खोली. बाई बोटांची मागची बाजू माझ्यावरून हलकेच सरकवत निघायची. बघणाऱ्याला वाटावं, सहज हात लागलाय. दिवसातून कितीदा ती अशी जायची याला गणती नाही. तिच्या हाताच्या उंचीवर माझ्या अंगावर एक गुळगुळीत पट्टा उमटला. माझ्यावर एवढा विश्वास आजवर कुणी टाकला नव्हता, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. उगाच का खोटं बोलू?

तर अशात लेक सुट्टी काढून आली. आल्या आल्या तिनं पडदे सरकवले आणि कमरेवर हात ठेवून घराकडे बघितलं. आई, किती अंधार आहे इथे, म्हणाली. आईची नजर थोडी मंदावली आहे एवढं तिच्या लक्षात आलं होतं. मंद नजरेला उजेड हवा, हा तिचा हिशेब. जगाची घरं केली, आईच्या घराला साधा हातही लावला नाही, हे तिला आत कुठेतरी खुपत होतं, तेही मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी ती माझ्यापाशी आली, बोटाच्या पेरांनी टकटक केली, कान लावला आणि दादाला फोनवर म्हणाली, की ही नुसती आडभिंत आहे, हिच्यावर कसलाच भार नाही, ही काढली की घर कसं मोकळं होईल.

माझ्यावर भार नाही म्हणे! मला तोंड असतं तर तिथेच सुनावलं असतं.

मला वाटलं, बाई आता नाही म्हणेल. बाई हातात सुई धरून बसली होती, ओवलेली नव्हतीच. लेक उत्साहानं सांगत होती, पांढरी चकचकीत फरशी टाकू, उजेड नुसता खेळेल. मुठी नसलेली कपाटं करू, बोट टेकवलं की उघडणारी. काचेचा सपाट गॅस, त्यावर कळा नाहीत, नुसता स्पर्श केला की पेटतो. आई, तू राणीसारखी राहशील बघ. बाईचा चेहरा मी पाहिला. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागणार. आणि ते सांगितलं की उचलून नेणार. ती म्हणाली, "कर गं. तुला हवं तसं कर." त्या दिवशी मला तिचा असा राग आला की माझा रंग का उडाला नाही याचं मलाच नवल वाटतं.

काम चालू असेपर्यंत बाई दादाकडे राहणार, असं ठरलं. ती गेली आणि माणसं घण घेऊन आली. पाडणारे भिंत वरून खाली पाडत येतात. पहिला घाव छताजवळ बसला. मी काही पटकन हार मानली नाही. त्यांच्यातला गवंडी घाम पुसत म्हणाला, जुन्या लोकांनी काय सिमेंट घातलंय की काय घातलंय! पण लोखंडापुढे विटांचं किती चालणार? निळा, साय, केशरी, सगळे रंग एकदमच खाली आले. बाहेरच्या दाराकडची माझी बाजू पार जमिनीपर्यंत गेली. झोपायच्या खोलीकडची बाजू तेवढी छातीएवढी उरली होती. अर्ध्या घरात नवी पांढरी फरशीही बसली.

इकडे दादाकडे बाईचे हाल चालले होते, ते मला नंतरच्या भांडणातून कळलं. अनोळखी घरात ती खुर्च्यांवर आदळायची, आणि चष्मा बदलायचा झालाय अशी सारवासारव करायची. शेवटी तिनं हट्टच धरला, मला घरी सोड, काम झालं नसलं तरी चालेल, एका खोलीत पडून राहीन. दादा वैतागून तिला घेऊन आला. भर दुपारची वेळ. कामाची माणसं जेवायला गेली होती. लेक मागच्या गॅलरीत फोनवर बोलत होती.

दादानं आईचा दंड धरला होता. दारात येताच बाईनं तो सोडवला. "माझं घर आहे. सोड मला." आणि ती आत शिरली.

तिनं उजवा हात बाजूला नेला. मी तिथे नव्हते.

ती एक पाऊल पुढे झाली, हात आणखी लांब केला. काहीच नाही. भिंत पाडणार हे तिला माहीत होतं, अहो, तिनंच होकार दिला होता. पण माहीत असणं निराळं आणि हाताला काही न लागणं निराळं. ती थोडी वळली, तिला वाटलं आपणच चुकलो. पुन्हा वळली. खिडकीतून पांढऱ्या फरशीवर ऊन पडलं होतं आणि तिच्या डोळ्यांपुढे सगळाच भगभगाट झाला असणार. बाहेरचं दार कुठल्या बाजूला राहिलं तेही तिला कळेना. ज्या घरात तिनं सगळा संसार केला त्या घराच्या मधोमध ती दोन्ही हात पुढे धरून उभी राहिली. मी पलीकडे होते, छातीएवढी, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर. मला पुढे होता येत नाही, याचं मला आयुष्यात तेवढं एकदाच वाईट वाटलं.

लेक गॅलरीतून आत आली आणि जागीच थांबली. पावलांचा आवाज ऐकून बाईनं तिकडे तोंड केलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "अगं, मी कुठे आहे?"

लेकीच्या हातातला फोन खाली गेला. दादा दारातच उभा होता. लेकीनं आईला धरून माझ्यापाशी आणलं. बाईचा हात माझ्या तुटक्या काठावर पडला, विटांच्या कडा तिला टोचल्या असतील, पण तिनं घट्ट धरलं.

मग मात्र जे भांडण पेटलं ते काय सांगू! दादानं एका वाक्यात निकाल लावला. आता इथे राहणं बंद, आजच्या आज कपडे भरायचे, आमच्याकडे कायमचं यायचं. बाई म्हणाली, मी मेले तरी हलणार नाही. दादा म्हणाला, तसंच होईल एक दिवस. लेक रडत होती आणि चिडतही होती, दोन्ही एकदम. तिनं आईला विचारलं, की तू सांगितलं का नाहीस, मला माप कुठून कळणार होतं? बाईही काही कमी नाही. ती म्हणाली, "छान होईल ना, छान दिसेल ना, एवढंच तू विचारत होतीस. तुझं काय चालतंय इथे, कशी फिरतेस, हे विचारलंस का?" लेक म्हणाली, विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंस? बाई म्हणाली, नसतं सांगितलं. तिनं एवढं कबूल केलं तेव्हा कुठे घरातला आवाज खाली आला.

शेवटी दादा एवढ्यावर कबूल झाला, की घराचं काम पुरं होऊ दे, आई इथे कशी वावरते ते मी माझ्या डोळ्यांनी बघेन. जमत नाही असं दिसलं तर मुकाट्यानं यायचं. कपडे भरायला बॅग घेऊनच येईन, असंही वर सांगून गेला. बाई म्हणाली, ये.

त्याची पाठ वळताच बाईनं कंबर कसली. डोळे पुसायला तिनं वेळ घालवला नाही. लेकीला म्हणाली, "आता रडतेस काय? चुकलं तर उसवायचं. कच्चे टाके घाल, मी घालून बघते." लेकीला आधी कळेना, आणि कळलं तशी ती उठलीच. नव्या कपाटांच्या वेष्टनांचे पुठ्ठे पडले होते, ते तिनं उभे केले, चिकटपट्टीनं जोडले आणि जिथे मी होते तिथे पुठ्ठ्याची भिंत उभी केली. बाई तिला धरून चालली. डोक्याएवढी उंच भिंत तिला नको झाली. पलीकडच्याचा आवाज अडतो, म्हणाली, आणि मला आता आवाजच बघायचाय. कमरेएवढी केली तर वाकावं लागतं का, तेही बघितलं. वाकावं लागलं. मग पुठ्ठे कोपराच्या उंचीवर कापले. बाई दारातून स्वयंपाकघरात गेली, तिथून खोलीत, तिथून पुन्हा दारात. जिथे अडलं तिथे तिनं टाचणी टोचली, जिथे वळण टोकदार लागलं तिथे खडूनं रेघ ओढली. पुठ्ठ्यावर ती असा खडू चालवत होती जणू एखाद्या लठ्ठ गिऱ्हाइकाचा झगा बेतायला घेतलाय. लेक मागे मागे, कानाला पेन्सिल लावून.

गवंडी परत आला तर समोर हा प्रकार. त्यानं डोकं खाजवलं आणि विचारलं, पाडायची होती ना भिंत? लेक म्हणाली, बांधायची आहे. गवंडी म्हणाला, तुमचं एकदा काय ते नक्की करा, वीट म्हणजे काही पत्ते नाहीत. पण काम त्यानं चोख केलं. ओळंबा सोडला, डोळा बारीक केला. छातीएवढा उरलेला माझा तुकडा कोपराएवढा उतरवला, गेलेला भाग तेवढाच पुन्हा उभारला, टोकं गोल वळवली. वर माझ्या लांबीभर लाकडाची जाड पट्टी बसवली, तिला खालून बोटं अडकतील अशी खाच. स्वयंपाकघर जवळ आलं की लाकडावर बारीक रेघा लागतात, खोली जवळ आली की ते गुळगुळीत होतं. पांढरी फरशी उखडली आणि पायाला खरखर कळेल अशी मातकट फरशी आली. कपाटांना मुठी आल्या. काचेचा सपाट गॅस खोक्यातून बाहेरच निघाला नाही, कडक आवाज करत फिरणाऱ्या कळांची जुनी शेगडी पुन्हा ओट्यावर चढली. खिडकीला असा पडदा आला की उजेड आत येतो, पण डोळ्यांत घुसत नाही.

खरं सांगू? आधी मला वाटलं, आपलं खच्चीकरण झालं. छताला भिडलेली मी, आता माझ्यावरून मांजरही उडी मारून जाईल. पण वरून वारं वाहायला लागलं, स्वयंपाकघरातून बाई बोलली की बैठकीत बसलेल्याला ऐकू यायला लागलं, आणि बाईचा हात आता चोरून लागत नव्हता. ती लाकूड सरळ मुठीत धरून चालायची. उंची गेली ती गेली. मी तिचा विचार सोडला.

बाईलाही सगळं पटकन जमलं नाही. एकदा ती पातेल्यासकट आपटली. एकदा दुधाऐवजी तांदूळ धुतलेलं पाणी आटवत बसली. पूर्वी तिनं ते लपवलं असतं. आता ती लेकीला हाक मारून सांगायची, आज हे झालं, इथे काहीतरी कर. लेक आपला मुक्काम लांबवत राहिली. कुठल्या तरी दूरच्या शहरातली माणसं आपल्या घरासाठी तिची वाट बघत होती, फोनवर फोन यायचे. ती सांगायची, आधीचं एक काम चाललंय, ते झालं की येते.

आणि मग दादा आला. हातात भलीमोठी बॅग. लेकीला बाईनं आधीच बजावलं होतं, की तू मधे पडायचं नाही, गॅलरीत जाऊन बस. घंटा वाजली. बाई स्वयंपाकघरातून निघाली, लाकडावर हात ठेवून माझ्या कडेकडेनं दारापर्यंत गेली, कडी काढली. दादा आत आला आणि खुर्चीत बसून तिला निरखायला लागला. परीक्षेच्या हॉलमधल्या मास्तरासारखा. बाईनं पातेलं चढवलं, पाणी मोजलं, शेगडी पेटवली, चहा केला. दोन कप काढले. चहा ओतताना तिनं कपाच्या काठावरून एक बोट आत सोडलं आणि चहा बोटाला लागला तसं पातेलं थांबवलं. दादा तिकडेच बघत होता. कप त्याच्यापुढे आला तरी त्यानं उचलला नाही.

"माझं बोट बुडतं चहात," बाई म्हणाली. "हात धुतलेत. मी आंधळी आहे रे, म्हणून असं ओतावं लागतं."

तो शब्द तिनं आजवर उच्चारला नव्हता. डॉक्टरांकडून आली त्या दुपारीही नाही. दादानं मान खाली घातली आणि कप तोंडाला लावला. चहा संपवून त्यानं रिकामा कप खाली ठेवला. मग तो म्हणाला की आई, पडलीस तर? बाई म्हणाली, "पडेन. पडले तर तुला सांगेन. इतके दिवस सांगत नव्हते, तेव्हा तू घाबरायला हवं होतंस."

दादा उठला. त्याला डोळे पुसायचे होते आणि ते आईला दिसणार नाहीत हे माहीत असूनही तो पाठमोरा झाला. बॅग उचलायला वाकला, तर बाई म्हणाली, रिकामी नेऊ नकोस. तुझ्या शाळेपासूनचा पसारा त्या खोलीत पडलाय. फुटलेली बॅट, मासे नसलेली काचेची पेटी, कसली कसली खोकी. लग्न झालं तेव्हापासून नेतो नेतो म्हणतोयस. माझ्या पायात येतं ते सगळं. दादा आधी बघतच राहिला, आणि मग असा हसला की गॅलरीतून लेक धावत आली. तिघांनी मिळून बॅग भरली. ती बंद होईना, तेव्हा दादा तिच्यावर बसला. आईचे कपडे न्यायला आणलेली बॅग तो आपला पसारा भरून, जिन्यावर आपटत आपटत घेऊन गेला.

लेकही नंतर गेली. जाताना तिनं माझ्यावर टकटक केली नाही, नुसता हात ठेवला. ती आता कुठल्याही घरात आधी राहणाऱ्या माणसांबरोबर दिवसभर नुसती वावरते म्हणे, आणि मगच कागद काढते. फोनवर बाईला सांगत होती. बाई म्हणाली, बरं झालं, आणि बारीक झालीस गं.

तर अशी मी. उंचीनं अर्धी, कामानं पुरी. तुम्ही घरं बांधाल, मोडाल, सजवाल, मला त्याचं काही नाही. मोकळं घर मलाही आता आवडायला लागलंय. फक्त पाडणाऱ्यानं आधी विचारावं आणि राहणाऱ्यानं खरं ते सांगावं, एवढंच माझं मागणं. आमच्यासारख्यांना स्वतःहून बोलायची सोय नसते. आज बोलले ते बोलले, पुन्हा बोलेनच असं नाही.

पुरे आता. स्वयंपाकघरात कळ कडकन बंद झाली. बाई निघाली आहे आणि मला उभं राहायचंय.